आवाजाची बेरीज



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठावर विद्वानांनी उभे राहावे असा प्रघात पडला आहे. मी विद्वान नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली आणि पुढचे जे काही शिकलो ते ऊसतोडीच्या तळांवर, तालुक्याच्या वाचनालयात आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानात. कामगारांच्या संघटनेचे काम करणारा माणूस म्हणून आपण मला बोलाविले. मी वेतनावर, मुकादमांवर किंवा कायद्यावर बोलेन अशी आपली अपेक्षा असणार. त्यावर मी वर्षाचे तीनशे दिवस बोलतच असतो. आज मी बरोबर एक पत्र्याचा डबा आणला आहे. हा बिस्किटांचा डबा आहे. बिस्किटे नातवंडांनी संपविली आणि डबा माझ्या वाट्याला आला. दोन आवाज एकत्र करून एका तारेतून पाठविणे एवढेच याचे काम. तो घरच्या घरी कसा करावा आणि मला तो का करावा लागला, हेच आजचे माझे व्याख्यान.

आधी का करावा लागला ते सांगतो.

आपल्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊस तोडायला बाहेर पडतात, हे आपल्याला मी सांगायला नको. कुणाच्या घरातले, कुणाच्या शेजारचे, कुणाच्या वर्गातले पोर गेलेले असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटे माणूस असेल तर तो अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते आणि ती बहुधा पुरुषाच्या हातात पडते. दोघांच्या श्रमाची बेरीज होते, पण त्या बेरजेतले बाईचे किती हे कुठल्याच वहीत लिहिलेले नसते. एखाद्या दिवशी काम चुकले तर 'खाडा' लागतो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंडही बसतो. ताप असो, बाळंतपण असो, महिन्याची अडचण असो, खाड्याला कारण चालत नाही. पुढे २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने या जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भाशये काढलेली आढळली. हा आकडा वाचून सगळा महाराष्ट्र चकित झाला. आम्ही झालो नाही. पण आम्हाला माहीत असूनही आम्ही तो आकडा मांडू शकलो नव्हतो, हेही मला येथे कबूल केले पाहिजे.

माझी गोष्ट त्या समितीच्या बऱ्याच आधीची आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या परिसरात, एका तळावर, रात्री आठच्या पुढे सभा होती. दिवसभर फड तोडून आलेली माणसे, चुलीवर भाकरी, कोप्यांच्या दारात कंदील. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा लहानसा ॲम्प्लिफायर आणि झाडाला टांगलेला एक कर्णा, एवढी आमची सामग्री. सभा बोलाविली होती खाड्याच्या प्रश्नावर, म्हणजे बायकांच्याच प्रश्नावर. आमच्या सभांतला नेहमीचा दोष असा की मायक्रोफोन एक, तो पुढाऱ्याच्या हाती, आणि बायका मागे अंधारात. एखादी बोलायला उठली तर तिला सगळ्या माणसांतून वाट काढीत पुढे यावे लागते. ती येत नाही. म्हणून मी ठरविले की दुसरा मायक्रोफोन आणायचा, त्याला लांब तार लावायची आणि तो बायकांच्या बाजूला ठेवायचा.

ॲम्प्लिफायरला मायक्रोफोन लावण्याची जागा एकच होती. मी काय केले? दोन्ही तारा सोलल्या, एकमेकींना पिळल्या आणि एकाच पिनला जोडल्या. दोन्हीत 'हॅलो हॅलो' म्हणून पाहिले. थोडा आवाज उतरला होता, पण दोन्ही बोलत होते. मी स्वतःवर खूष झालो.

आमचे एक वक्ते पाऊण तास बोलले. बोलणे संपवून त्यांनी शिस्तीत मायक्रोफोनचे बटण बंद केले आणि तो मांडीवर ठेवला. मग बायकांच्या बाजूने एक आक्का उभी राहिली. नवऱ्याचा पाय मोडल्यामुळे ती त्या हंगामात अर्धा कोयता म्हणून राबत होती. तिने दुसरा मायक्रोफोन तोंडाशी धरला. तिचे ओठ हलताना कंदिलाच्या उजेडात दिसत होते. कर्ण्यातून काहीच येत नव्हते. मी धावलो. बॅटरी पाहिली, ॲम्प्लिफायर पाहिला, कर्ण्याच्या तारा पाहिल्या, आवाजाचे बटण पूर्ण फिरविले. काही नाही. मागची माणसे उठून कोप्यांकडे जाऊ लागली. त्यांना वाटले सभा संपली. ती थोडा वेळ बोलली, मग थांबली, मायक्रोफोन खाली ठेवला आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, "दादा, माझा आवाज कुणी खाल्ला?"

मला उत्तर देता आले नाही. ती त्या हंगामात पुन्हा सभेत बोलली नाही.

गावी परतल्यावर मी दोन्ही मायक्रोफोन घेऊन त्या कारागिराकडे गेलो. लहानपणी लग्नसराईत कर्णेवाल्याच्या बॅटऱ्या डोक्यावर वाहायला मी जात असे, तेव्हापासूनची आमची ओळख. त्याने सगळे ऐकून घेतले आणि हसून म्हणाला, "अरे, दिव्याचं बटण बंद केलं की तार तुटते. मायक्रोफोनचं बटण बंद केलं की तार जुळते." हाताशी धरून बोलण्याच्या बहुतेक साध्या, म्हणजे डायनॅमिक, मायक्रोफोनांत बंद करण्याची रीत ही अशी असते. आतल्या दोन टोकांना बटण एकमेकांशी जोडून टाकते, म्हणजे त्यांच्यात शॉर्ट करते. एकटा मायक्रोफोन असेल तर हे उत्तम, कारण बंद करताना कर्ण्यात घरघर होत नाही. पण दोघे एकाच तारेला पिळलेले असतील, तर एकाने आपले बटण बंद करताच दोघेही मुके होतात. वक्त्याने वाईट हेतूने काही केले नव्हते. त्याने स्वतःपुरते बटण बंद केले होते. जोडणी मी केली होती. तेव्हा आक्काचा आवाज कुणी खाल्ला याचे खरे उत्तर मीच, असे होते.

आता डब्याकडे वळू.

दोन तारा सरळ पिळल्या तर काय बिघडते हे शेतकऱ्याला समजावून देणे सोपे आहे. दोन विहिरींवर दोन मोटारी आहेत आणि दोन्हींचे पाणी एकाच पाइपात सोडले आहे. एक मोटार बंद पडली तर चालू मोटारीचे पाणी शेताऐवजी दुसऱ्या विहिरीत उतरू लागते. तिकडे वाट रुंद आणि उतार सोपा. विजेचेही तसेच. बंद केलेला मायक्रोफोन म्हणजे ती दुसरी विहीर. विहिरीवर आपण उलट पाणी अडविणारा व्हॉल्व्ह बसवितो. आपल्या डब्यात व्हॉल्व्ह नाही, त्याहूनही साधी युक्ती आहे. प्रत्येक मोटारीचे पाणी मुख्य पाइपाला मिळण्यापूर्वी एका अरुंद नळीतून न्यायचे. मग काही पाणी परत जाईल हे खरे, पण सगळे जाणार नाही. पुरेसे पाणी शेतात पोचेल. ही अरुंद नळी म्हणजे रोधक. दुकानात त्याला रेझिस्टन्स म्हणून मागावे. रुपया-दोन रुपयांची वस्तू आहे.

रोधकाचे माप ओहममध्ये करतात. हे नाव ज्याचे, तो गेऑर्ग ओहम जर्मनीतल्या एका कुलूप करणाऱ्या लोहाराचा मुलगा. बाप शाळेत फार शिकलेला नव्हता. स्वतः पुस्तके वाचून शिकला आणि मुलांना गणित-विज्ञान त्यानेच शिकविले. मुलगा शाळामास्तर झाला. १८२७ साली त्याने आपला नियम छापला तेव्हा त्याच्या देशात त्याची कदर झाली नाही, त्याला नोकरीवरून दूर व्हावे लागले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने पदक दिले तेव्हा कुठे लोकांचे डोळे उघडले. मला हा माणूस फार जवळचा वाटतो, म्हणून जरा रेंगाळलो. दुसरा माणूस किर्कहोफ. १८४५ साली, विद्यार्थी असतानाच, त्याने असे मांडले की तारांच्या एखाद्या सांध्यात जितका प्रवाह येतो तितकाच बाहेर पडतो. आत आलेल्या सर्वांची बेरीज बाहेर जाते. आपला डबा म्हणजे या दोघांचे नियम आणि बिस्किटांचा पत्रा, दुसरे काही नाही.

जोडणी सांगतो. घरी करावयाची असेल त्यांनी लिहून घ्यावे.

डब्याच्या एका बाजूला दोन भोके पाडून मायक्रोफोनची मोठी पिन जाईल असे दोन जॅक बसवा, आणि दुसऱ्या बाजूला एक. दोन आत येण्यासाठी, एक बाहेर जाण्यासाठी. प्रत्येक जॅकला दोन टोके असतात. एक आवाजाचे, दुसरे जमिनीचे, म्हणजे तारेच्या जाळीचे. तिन्ही जॅकांची जमिनीची टोके एकाच तारेने जोडून ती तार डब्याच्या पत्र्यालाही जोडा. पत्रा खरवडून स्वच्छ करा, त्याशिवाय डाख धरत नाही. आता पहिल्या आवक जॅकच्या आवाजाच्या टोकाला १ हजार ओहमचा एक रोधक लावा. दुसऱ्याला तसाच दुसरा. त्या दोन रोधकांची मोकळी टोके एकत्र करा आणि जावक जॅकच्या आवाजाच्या टोकाला जोडा. झाले. रोधकावर आकडा लिहिलेला नसतो, रंगाचे पट्टे असतात. १ हजार ओहमला तपकिरी, काळा, लाल. १० हजाराला तपकिरी, काळा, नारिंगी. शेवटचा सोनेरी पट्टा म्हणजे शंभरात पाच इकडे-तिकडे चालेल अशी कबुली. पाव वॅटचे रोधक पुरतात.

डाख देताना आधी सांधा तापवावा, मग त्याला कथील लावावे. नवशिका माणूस कथील तापवून सांध्यावर थेंबासारखे टाकतो. ते दिसते चिकटलेले, पण आतून सुटे असते आणि भर सभेत दगा देते. राळ असलेली कथलाची तार घ्यावी. नळकामाचे आम्ल वापरू नये, ते तार खाते.

डबा पत्र्याचाच का? प्लॅस्टिकच्या डब्यात जोडणी चालेल, पण जवळून विजेची तार जात असेल तर कर्ण्यात गुंगुं ऐकू येईल. मायक्रोफोनमधून येणारी वीज अगदी क्षीण असते, एका व्होल्टचे काही हजारावे भाग. तिच्यापुढे घरातली वीज म्हणजे ओरडणारा राक्षस. पत्रा जमिनीला जोडलेला असला की तो ती ओरड स्वतःवर घेतो.

आता या डब्यात एकाने बटण बंद केले तर काय होईल? मी हिशोब केला आहे. ॲम्प्लिफायरच्या मायक्रोफोनच्या तोंडाचा रोध सुमारे ४७०० ओहम आणि मायक्रोफोनचा स्वतःचा ६०० धरू. दोन्ही चालू असताना प्रत्येकाच्या आवाजाच्या विजेतले शंभरातले त्रेचाळीस भाग पुढे पोचतात. एकाने बटण बंद करून आपली टोके जुळविली, तर दुसऱ्याचे शंभरातले चौतीस भाग पोचतात. म्हणजे आवाज किंचित उतरेल, मरणार नाही. आक्का बोलत राहिली असती.

आपल्यापैकी कुणी विचारील, त्रेचाळीसच का? शंभर का नाही? हाच या डब्याचा खरा मुद्दा आहे. त्याला बाहेरची वीज लागत नाही. तो काही वाढवीत नाही, फक्त वाटून देतो. दोन आवाज घातले की प्रत्येकाचा जवळपास अर्धा होतो, तीन घातले की तिसरा हिस्सा, चार घातले की चौथा. तंत्राच्या भाषेत दोनाला ६ डेसिबलची घट, तिनाला साडेनऊची, चाराला १२ ची. कानाला मात्र ६ डेसिबल म्हणजे अर्धा आवाज वाटत नाही. कानाला अर्धे वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. ॲम्प्लिफायरचे बटण थोडे पुढे फिरविले की काम भागते. मात्र बटण जितके पुढे, तितकी ॲम्प्लिफायरची स्वतःची सळसळही वाढते, म्हणून आठ-दहा मायक्रोफोन या डब्याला जोडू नयेत. तेवढे हवे असतील तर वीज खाणारा तयार मिक्सर विकत घ्यावा. मी दोन किंवा फार तर तिनाच्या वर जात नाही.

संघटनेच्या बैठकीत मी हा हिशोब एकदा सांगितला. तेव्हा आमचे तेच वक्ते म्हणाले, "म्हणजे माझा आवाज निम्मा करायचा म्हणता?" मी म्हटले, होय. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग स्वतःच आले आणि बॅटरी उचलायला हात लावला.

आणखी एक डबा मी केला आहे, तो फोन आणि लॅपटॉपसाठी. आकार तोच, जोडणी तीच, पण रोधक १० हजार ओहमचे. कारण फोनमधून येणारा आवाज मायक्रोफोनच्या कितीतरी पट जोरदार असतो, आणि ॲम्प्लिफायरच्या ऑक्झिलरी म्हणतात त्या तोंडाचा रोधही मोठा असतो. फोनमधून डावा आणि उजवा असे दोन आवाज येतात. पुष्कळ लोक बाजारातली स्वस्त पिन घेऊन ते दोन्ही सरळ जुळवितात. डाव्या बाजूचे यंत्र उजव्याशी कुस्ती खेळते, आवाज फाटतो, आणि फोन तापला म्हणून आपण फोनला शिव्या देतो. दोन्हींच्या मध्ये एकेक रोधक घाला, कुस्ती थांबते. मात्र फोन आणि मायक्रोफोन एकाच डब्यात घालू नका. खोंडाच्या जोडीला वासरू जुंपल्यासारखे होते, वासराचे मानेवर जू असते पण ओढतो खोंडच.

१० हजारांच्या डब्याचे एक पथ्य आहे. तो ॲम्प्लिफायरच्या शेजारी ठेवावा, वक्त्याच्या पायाशी नव्हे. डब्यातून ॲम्प्लिफायरपर्यंतची तार लांब झाली की जाळीची तार बारीक स्वर गिळू लागते. साधी जाळीची तार मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धारकता बाळगते. ५० मीटर तार लावली तर सुमारे ६ हजार कंपनांच्या वरचे स्वर उतरणीला लागतात. माणसाच्या बोलण्यात स, श, च यांची धार तिथेच असते. मग 'सभा' ऐकू येते 'हभा' आणि लोक म्हणतात वक्त्याच्या तोंडात तंबाखू आहे.

आता चुका सांगतो, कारण मी सगळ्या केल्या आहेत.

पहिली. दोन मायक्रोफोनांपैकी एकाच्या तारा आतून उलट्या जोडलेल्या असतील, तर एकाचा आवाज दुसऱ्यातून वजा होतो. दोन्ही मायक्रोफोन शेजारी-शेजारी धरून त्यांत एकदम बोलावे. आवाज भरदार झाला तर ठीक. पातळ, पत्र्यासारखा झाला तर एकाच्या पिनमधल्या तारा बदलाव्या.

दुसरी. दोन मायक्रोफोन उघडे म्हणजे शिट्टी लवकर. कर्ण्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो, पुन्हा कर्ण्यातून येतो, पुन्हा शिरतो, आणि शिट्टी वाजते. कर्णा दोन्ही मायक्रोफोनांच्या पुढे टांगावा आणि त्याचे तोंड श्रोत्यांकडे असावे. पुष्कळदा कर्णा व्यासपीठाकडे वळविलेला असतो, कारण वक्त्याला स्वतःचा आवाज ऐकण्याची हौस असते.

तिसरी चूक जिवाशी खेळणारी आहे, म्हणून मी ती सावकाश सांगतो. लॅपटॉप चार्जरवर आणि ॲम्प्लिफायर घरच्या विजेवर असे दोन्ही एका डब्यात आले की काही वेळा गुंगुं सुरू होते. जमिनीची तार दोन वाटांनी फिरून वर्तुळ होते, त्याचा तो गुण. मग कुणीतरी शहाणा ॲम्प्लिफायरच्या पिनचा तिसरा, जाड दांडा कापून टाकतो, आणि गुंगुं थांबते. बंधूंनो, तो दांडा तुमचा जीव वाचविण्यासाठी असतो. यंत्रात बिघाड होऊन पत्र्यात वीज उतरली तर ती जमिनीत न जाता मायक्रोफोन धरलेल्या हातातून जाईल. पावसात ओल्या मैदानावर सभा असेल तर काय होईल ते मी सांगत नाही. गुंगुं थांबवायचे असेल तर लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा. तेवढ्यानेही भागले नाही तर आवाजाचा लहान आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो मध्ये घाला. पण तिसरा दांडा कापू नका, आणि कापलेला दिसला तर ते यंत्र वापरू नका.

या डब्याला कर्ण्याच्या तारा कधीही जोडू नयेत. तिथला दाब रोधक जाळून टाकतो. मोठ्या कार्यक्रमांतल्या मिक्सरमधून मायक्रोफोनच्या तारेत ४८ व्होल्ट सोडण्याची सोय असते. हा डबा त्या तोंडाला लावायचा असेल तर ती सोय आधी बंद करून घ्यावी. ज्या मायक्रोफोनला स्वतःची वीज लागते तो या डब्यातून बोलणारच नाही. आणि तीन पिनांचे मायक्रोफोन असतील तर प्रत्येकाला एकाऐवजी दोन रोधक लागतात, दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेवर एकेक. त्याची आकृती मी काढून आणली आहे, व्याख्यानानंतर ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी.

एवढ्या साध्या वस्तूवर तासभर बोलायचे कारण काय, असे आपल्याला वाटत असेल. बाजारात तयार मिळतेच की! मिळते, खरे आहे. पण आपण अंबाजोगाईत बसलो आहोत. दासोपंतांनी कागदाऐवजी लांबच लांब पासोडीवर पंचीकरण लिहिले, आणि ती पासोडी आपण अभिमानाने दाखवितो. सामग्री नाही म्हणून थांबायचे नाही ही या गावची जुनी खोड आहे. हेच गाव मोमिनाबाद होते तेव्हा सभा भरविणेदेखील गुन्हा ठरू शकत असे. निजाम सरकारने १९२९ साली काढलेली गश्ती निशान ५३ परवानगीशिवाय सभा घेऊ देत नव्हती. स्वामी रामानंद तीर्थ ज्या काळात योगेश्वरीच्या शाळेत शिकवीत होते, त्या काळात चार माणसांना ऐकू जाईल असे बोलणे हेच धाडस होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ती बंदी गेली. आज आपल्याला बोलायला कुणाची गश्ती आडवी येत नाही. तरी सभेत मागे बसलेली बाई बोलत नाही. तिच्यावर बंदी नाही, तिच्यापर्यंत तार पोचलेली नाही.

त्या आक्काविषयी पुष्कळ जण विचारतात, पुढे काय झाले. दुसऱ्या हंगामात मी हा डबा घेऊन तिच्या तळावर गेलो. या खेपेला बायकांच्या बाजूचा मायक्रोफोन आधी लावला आणि वक्त्याला सांगितले की आपले बटण चार वेळा चालू-बंद करून दाखवा. त्याने केले. तिने ते पाहिले, स्वतःच्या मायक्रोफोनात "आता आलं का?" म्हणून विचारले, आणि ते झाडावरच्या कर्ण्यातून सगळ्या तळाला ऐकू गेले. लोक हसले. मग ती खाड्यावर बोलली. वीस मिनिटे बोलली असेल. तिने कुणाला किती दिवसांचा खाडा लागला ते नावानिशी सांगितले, कारण ती सगळा हंगाम ते मनात मोजीत होती. आमच्या संघटनेच्या वहीत त्यांतली एकही नोंद नव्हती. त्या रात्री मी कंदिलापाशी बसून ती लिहून काढली. सतरा बायकांची नावे झाली. मुकादमाशी बोलणी करताना ती यादी पुढे ठेवली, आणि त्यांपैकी नऊ जणींचा दंड परत मिळाला. आठ जणींचा मिळाला नाही. त्याचे भांडण अजून माझ्या डोक्यात आहे.

आता अध्यक्षांची परवानगी असेल तर मी हा डबा येथल्या ॲम्प्लिफायरला लावून दाखवितो. कार्यकर्त्यांना मी आधीच सांगितले होते, त्यामुळे दुसरा मायक्रोफोन महिलांच्या रांगेपर्यंत नेऊन ठेवलेला आहे. मी माझ्या मायक्रोफोनचे बटण बंद करतो. प्रश्नोत्तरांना तिकडून सुरुवात करू. तिसऱ्या रांगेतल्या त्या ताईंनी हात वर केलेला मी मघापासून पाहतो आहे.